अंदाज-वहीच्या नोंदी: गावातल्या अभ्यासिकेत सात आठवडे

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत हे काम चालू आहे. समाजमंदिराची एक खोली, सहा बाकं, एक फळा, दोन पंखे. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी १९ पोरं-पोरी संध्याकाळी सहा ते नऊ बसतात. कोणता भाग आला आणि कोणता नाही, हे ज्याचं त्याला नीट ओळखता यावं, एवढंच काम आहे. आज काय वाचायचं आणि काय सोडायचं हे प्रत्येक जण ‘हे त झालं’ या वाटण्यावर ठरवतो. ते वाटणं चुकलं की महिनाभराचे तास भलत्याच धड्यावर जातात. दुसऱ्या गावात कोणाला हेच करायचं असेल तर इथे गेलेला वेळ तिथे जाऊ नये, म्हणून या नोंदी.

२ जून

सामान आणलं. ६० पानी वह्या १९, प्रत्येकी २० रुपये, म्हणजे ३८०. पेन्सिलींचे दोन डबे १०० रुपये, रबरबँड २० रुपये. चपलांचे रिकामे खोके दुकानातून फुकट मिळाले, दोघांत एक या हिशेबानं दहा. कार्डांसाठी मागच्या वर्षीच्या वह्यांची उरलेली कोरी पानं फाडली. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सगळ्यांनी मिळून २४० कार्डं केली, अडीच तास लागले.

अंदाज-वहीत, म्हणजे उत्तर येईल की नाही याचा आपला अंदाज लिहायच्या वहीत, पाच रकाने आखले: तारीख, कार्ड क्रमांक, अंदाज, उत्तर, बरोबर की चूक. अंदाज टक्क्यांत लिहायचा असं ठरलं.

५ जून

दोन बिघाड एकदम सापडले. वहीचं पान पातळ. ट्यूबलाइटखाली कार्ड धरलं की मागचं उत्तर उलटं उमटून दिसतं. मुद्दाम कोणी पाहत नव्हतं, पण डोळ्याला दिसतं ते दिसतंच. तीन संध्याकाळचे सगळे आकडे खोडावे लागले.

नवी कार्डं लग्नपत्रिकांची केली. लग्नसराई नुकतीच आटोपली आहे, प्रत्येक घरी दहा-पंधरा पत्रिका पडून आहेत. मागची घडी बहुतेक दोन्ही अंगांनी कोरी असते, ७ × १० सेंमीची दोन कार्डं निघतात. चकचकीत कागद घेऊ नका, बॉलपेन घसरतं आणि शाई बोटाला लागते. देवाचं चित्र असलेला भाग आधी कापून घरी परत द्यावा. तो पायाखाली आलेला कोणालाच चालत नाही, आणि एकदा तसं झालं की दुसऱ्यांदा पत्रिका मिळत नाहीत.

दुसरा बिघाड टक्क्यांचा. वह्या चाळल्या तर जिकडेतिकडे ५० नाहीतर १००. सत्तर आणि ऐंशी यांत फरक काय, हे कोणालाच सांगता येईना. टक्के काढून टाकले, तीन खुणा ठेवल्या: प म्हणजे पक्कं, ब म्हणजे बहुतेक, न म्हणजे नाही. शिवाय दहा कार्डांचा गठ्ठा संपला की एकच आकडा लिहायचा: दहापैकी किती येतील.

७ जून

‘आधी वाचून त होऊ द्या, मंग चाचणी घ्या’ ही तक्रार रोजची. समजावून काही उपयोग झाला नाही, सकाळच्या मैदानानं काम केलं. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. तिथे ‘आज जोरात पळाल्यासारखं वाटते’ यावर कोणी थांबत नाही, घड्याळ लावूनच वेळ घेतो. दम कमी लागला म्हणजे वेळ चांगली आली असं नसतं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. वाचन सोपं गेलं म्हणजे पाठ झालं, असंही नसतं. फळ्यावर दोन रकाने काढले, धावण्याचं घड्याळ आणि अभ्यासाचं घड्याळ. दुसऱ्याखाली ‘अंदाज-वही’ लिहिलं. त्यानंतर ही तक्रार कमी झाली.

९ जून

पत्रिकेच्या कार्डांवरही अंदाज भलतेच. जवळजवळ सगळ्यांनी दहापैकी आठ-नऊ लिहिलं, दोन दिवसांनी लेखी उत्तर घेतलं तर निम्म्याच्या आसपास. चूक पद्धतीत होती. कार्ड वाचायचं, उलटून उत्तर पाहायचं आणि लगेच अंदाज लिहायचा, असं चाललं होतं. उत्तर डोळ्यासमोर असताना ‘येते मले’ असंच वाटणार. त्या घडीला डोकं आठवत नसतं, नुसतं ओळखत असतं.

थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. शिकल्याबरोबर घेतलेला अंदाज कच्चा निघाला. तोच अंदाज थोड्या वेळानं, फक्त प्रश्न दाखवून घेतला तर खूपच नेमका निघाला. पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं की उशिरा अंदाज घेतानाही प्रश्नासोबत उत्तर समोर ठेवलं तर हा फायदा राहत नाही. म्हणून दोन्ही अटी लागतात, मधे वेळही जायला हवा आणि उत्तरही झाकलेलं हवं.

नवी रीत: सहाला इतिहास-भूगोलाची कार्डं वाचायची. मग पाऊण तास अंकगणित. सव्वासातला त्याच कार्डांची फक्त प्रश्नाची बाजू वर ठेवून खुणा करायच्या. त्यासाठी गठ्ठा खोक्यात उभा लावायचा, आडवा ठेवला तर खालचं कार्ड उलटं होऊन उत्तर दिसतं.

१३ जून

नवीन रीतीनं पहिली मोजणी. अंदाज आणि गुण यांतलं अंतर बहुतेकांचं दोनच्या आत आलं. पण चार वह्यांत काहीच फरक नव्हता. त्या चौघांसोबत बसून पाहिलं तेव्हा कळलं की खूण करताना ते उत्तर मनात पूर्ण काढतच नाहीत. प्रश्न वाचला, ओळखीचा वाटला, प लिहिला. ‘पाह्यलेला हाय हा प्रश्न’ एवढ्यावर ती खूण पडते.

आता प लिहिण्याआधी उत्तराचं पहिलं अक्षर पेन्सिलीनं लिहायचं. अक्षर सुचलं नाही तर प लिहायचा नाही. वेळ कार्डामागे चार-पाच सेकंद जास्त जातो, जाऊ द्यावा.

१९ जून

पाऊस आला, पेरण्या लागल्या. सोयाबीन, तूर, पराटी (कापूस) सगळ्यांचीच घाई. सहा दिवस खोलीत चार-पाच जण. सगळं मोडलं असं वाटलं होतं, पण हा खंड कामी आला.

शेतावर जाण्याआधी निम्म्या जणांना विचारलं होतं, उद्या चाचणी घेतली तर दहापैकी किती येतील. बाकीच्यांना विचारलं, पेरणी आटोपल्यावर घेतली तर किती. दोन्हीकडे आकडे सारखेच आले. मधे आठवडा जाणार आहे याचा हिशेब कोणी धरलाच नाही. अॅशर कोरिआट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हेच नोंदवलं आहे. दहा मिनिटांनी किती आठवेल आणि वर्षभरानं किती, वेगवेगळ्या लोकांना विचारलं तर अंदाज जवळपास सारखेच येतात. किती आठवेल याऐवजी किती विसराल असं विचारलं की मात्र काळ जमेस धरला जातो.

त्यामुळे रकान्याचं नाव बदललं. ‘दहापैकी किती येतील’ खोडून ‘येत्या रविवारपर्यंत दहापैकी किती विसरतील’. बदल तीन शब्दांचा आहे, पण पुढच्याच दिवशी फाजील अंदाज खाली आले. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

२१ जून

रंगीत पेनं बंद. ज्यांचं अक्षर मोठं आणि देखणं त्यांच्या कार्डांवर, आणि हिरव्या-गुलाबी मार्करनं रंगवलेल्या ओळींवर, प जास्त पडत होते. गुण तेवढेच. ऱ्होड्स आणि कॅस्टेल यांनी २००८ मध्ये १८ आणि ४८ पॉइंटच्या टायपात शब्द दाखवले होते. मोठा शब्द जास्त लक्षात राहील असं लोकांना वाटलं, राहिला नाही. आता एकच निळं पेन, मध्यम अक्षर.

२४ जून

सगळ्यात जास्त त्रास दिलेली चार कार्डं:

नंदुरबार जिल्हा कधी झाला? १ जुलै १९९८, धुळ्यातून.
वाशिम? १ जुलै १९९८, अकोल्यातून.
हिंगोली? १ मे १९९९, परभणीतून.
गोंदिया? १ मे १९९९, भंडाऱ्यातून.

ही चार कार्डं खोक्यात लागोपाठ होती. नंदुरबारची तारीख पाहिली की वाशिमची आपोआप येते, हिंगोलीची पाहिली की गोंदियाची. प्रत्येक कार्ड ‘बरोबर’, प्रत्येकावर प. सात दिवसांनी सुटं विचारलं तर १ मे १९९८ अशी तारीख वहीत आली, जी कोणत्याच जिल्ह्याची नाही. वाशिम भंडाऱ्यातून निघाला असंही एकानं लिहिलं. आठवत होतं ते शेजारच्या कार्डामुळे, आणि अंदाज लिहिणाऱ्याला ते कळायला मार्ग नव्हता.

तीन बदल केले. एकमेकांसारखी कार्डं खोक्यात किमान दहा कार्डांच्या अंतरानं ठेवायची. रोज बसण्याआधी गठ्ठा पिसायचा. आणि जोडीचं वेगळं कार्ड करायचं: ‘वाशिम आणि गोंदिया, आधी कोणता? किती महिन्यांचं अंतर?’ उत्तर: वाशिम, दहा महिने. या एका कार्डानं बाकीची चार सुधारली.

पिसलेल्या गठ्ठ्याबद्दल कुरकुर आहे. एकेक विषय सलग केला की ‘लय चांगलं जाते’, मिसळलं की अडखळतं. कॉर्नेल आणि ब्योर्क यांनी २००८ मध्ये चित्रकारांची शैली ओळखायला शिकवताना हेच पाहिलं. मिसळून पाहिलेले चित्रकार बहुतेकांना चाचणीत जास्त ओळखता आले, तरी चाचणीनंतरही बहुतेकांचं म्हणणं सलगच बरं होतं असं. म्हणून या बाबतीत आवडीनिवडीचं मत घेतलं नाही, गठ्ठा पिसलाच.

२८ जून

अंकगणित. इथे कार्डं चालत नाहीत, कारण अडचण वेगळी आहे. गाईडमधलं सोडवलेलं उदाहरण वाचलं की प्रत्येक पायरी पटते आणि ‘समजलं’ म्हणून पान उलटतं. पटणं आणि सुटणं यांत फार अंतर आहे.

नमुना म्हणून हे घेतलं: १५० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किमी वेगानं ३०० मीटरचा पूल किती सेकंदांत ओलांडेल? उत्तर वाचून सगळ्यांनी प लिहिला. पाऊण तासानं आकडे बदलून दिलं. चुका दोनच प्रकारच्या, वरच्याच आकड्यांत सांगायचं तर अशा. गाडीची लांबी मिळवलीच नाही, ३०० ÷ १५ करून २० सेकंद लिहिले. किंवा ताशी किमीचं सेकंदी मीटर केलंच नाही, ४५० ला ५४ नं भागलं. बरोबर मांडणी अशी: ५४ × ५/१८ = १५, मग (१५० + ३००) ÷ १५ = ३० सेकंद.

पुस्तकात हे दोन्ही टप्पे छापलेलेच असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला ते आपल्याला सुचले नसते हे कळत नाही. उपाय म्हणून गाईड बंद करायचं, कोऱ्या कागदावर फक्त पहिली ओळ मांडायची, ४० सेकंद, आणि मग खूण. पूर्ण सोडवायची गरज नाही. पहिली ओळ चुकली तर प खोडायचा. एका संध्याकाळी २५ उदाहरणं तपासून होतात, पूर्ण सोडवली तर आठ-दहाच होत होती.

१ जुलै

आक्षेप आला: ‘परीक्षेत चार पर्याय असतात ना, मंग आठवायची काय गरज?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून चाचणी करूनच उत्तर दिलं. वाशिमच्या प्रश्नाला चार पर्याय दिले: १ जुलै १९९८, १ मे १९९९, १ मे १९६०, २६ ऑगस्ट १९८२. शेवटची गडचिरोलीची, त्याच्या आधीची महाराष्ट्र राज्याची. चारही तारखा अभ्यासातल्या, चारही ओळखीच्या. नुसत्या ओळखीवर गेलेले अडकले. पेपर काढणारे पर्याय असेच निवडतात.

पण आक्षेपात थोडं तथ्यही आहे. ‘जिभेवर हाय, निघत नाही’ ही अवस्था फुकट नसते. जोसेफ हार्टनं १९६५ मध्ये दाखवलं की आठवत नाही पण पर्यायांत ओळखता येईल असं ज्या प्रश्नांबद्दल माणसाला वाटतं, ते तो खरंच जास्त वेळा ओळखतो. म्हणून चौथी खूण घेतली, ज म्हणजे जिभेवर. या कार्डांना ‘न’ खुणेच्या कार्डांइतका वेळ द्यायची गरज नसते, दुसऱ्या दिवशी एकदा फिरवलं तर बहुतेक बसतं.

४ जुलै

तपासणीत ढिलाई. कार्ड उलटल्यावर ‘हेच म्हनायचं होतं मले’ म्हणून अर्ध्या उत्तराला पूर्ण बरोबरची खूण. लबाडी नाही ही, बरोबर उत्तर वाचताक्षणी आपलं अपुरं उत्तर मनात पुरं होऊन जातं. दोन गोष्टी केल्या. कार्ड उलटण्याआधी उत्तर कागदावर लिहायचं, तोंडी नाही. आणि दोन-तीन मुद्द्यांचं उत्तर असेल तर मागे (१) (२) (३) आकडे घालायचे, प्रत्येकाला वेगळी खूण. ‘विदर्भातले विभाग व जिल्हे’ हे कार्ड मागच्या आठवड्यात सगळ्यांचं ‘बरोबर’ होतं. अकरा आकडे घालून तपासलं तर बुलढाणा आणि वाशिम अनेकांकडून सुटत होते.

याच दिवशी चुकलेल्या प कार्डांचा वेगळा गठ्ठा केला, लाल रबरबँड लावून. उदाहरण: वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतर नदीचं नाव काय? पाच जणांनी ठामपणे गोदावरी लिहिलं. उत्तर प्राणहिता, ती पुढे गोदावरीला मिळते. अशी ठाम चूक लगेच सांगितली तर चटकन सुधारते, कच्च्या चुकीपेक्षाही लवकर. बटरफील्ड आणि मेटकाफ यांचं २००१ चं काम याच गोष्टीवर आहे. मात्र एकदा सुधारली म्हणून सोडू नये, आठवडाभरानं जुनं उत्तर परत येतं. लाल गठ्ठा दर रविवारी सगळ्यात आधी काढायचा.

८ जुलै

उलट बाजूची चूक. रोज चाचणी देणाऱ्यांचे अंदाज आता गुणांच्या खाली जाऊ लागले. सात-आठ येणारी मुलगी चार-पाचच येतील असं धरते, आणि आलेली कार्डं परत परत फिरवत बसते. सरावासोबत माणूस स्वतःला कमी लेखू लागतो हे कोरिआट यांच्या गटानं २००२ मध्येच नोंदवलेलं आहे. इथे त्याची तयारी ठेवली नव्हती, त्यात जवळपास आठवडा गेला. दोघांनी येणंच थांबवलं, कारण नुसतं वाचताना जमत होतं आणि इथे रोज चुकतं. त्यांच्या घरी जाऊन वह्या उघडून दाखवल्या. चुका पहिल्या आठवड्यापेक्षा कमी होत्या, दिसत मात्र जास्त होत्या. एक जण परत आला.

त्यांना दाखवायला फळ्यावर रोडिगर आणि कार्पिक यांचे २००६ चे आकडे लिहिले. उतारा चारदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८३ टक्के आठवला, एकदा वाचून तीनदा आठवून पाहणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांचे ४० टक्के आणि आठवून पाहणाऱ्यांचे ६१ टक्के. आणि आपल्याला जास्त आठवेल असं वाटलं होतं ते वाचणाऱ्यांनाच. हे आकडे पुसले नाहीत, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ठेवले आहेत.

नियम: तीन वेगवेगळ्या दिवशी बरोबर आलेलं कार्ड खोक्यातून बाहेर, दोन आठवडे हात लावायचा नाही. मन मानो वा न मानो.

१३ जुलै

पूर्ण सराव पेपर. पोलीस भरतीच्या लेखीसारखे १०० प्रश्न, ९० मिनिटं. झेरॉक्स ४ पाठपोट कागद, १७ संच, प्रत्येकी १२ रुपये, एकूण २०४. संध्याकाळी वीज जाते म्हणून दुपारी दोनला घेतला.

प्रत्येक प्रश्नाला प, ब, ज, न लिहायला सांगितलं ती चूक झाली. एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात, त्यात खूण ठरवायलाच पाच-सहा सेकंद जातात. बहुतेकांचे शेवटचे दहा-बारा प्रश्न राहिले. पुढच्या पेपरला एकच खूण: खात्री नसेल तिथे प्रश्नाच्या क्रमांकाला गोल. शेवटची बारा मिनिटं फक्त गोलांसाठी. या परीक्षेत चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे गोल कोरा सोडायचा नाही. पेपरनंतर आधी गोल न केलेल्या चुका काढायच्या, त्या थेट लाल गठ्ठ्यात.

२० जुलै

दुसरा पेपर, गोल पद्धतीनं. वेळ पुरला. अंकगणितात गोल नसलेल्या चुका अजून बऱ्याच आहेत, सामान्य ज्ञानात थोड्याच उरल्या. मराठी व्याकरणात प्रयोग ओळखण्याचे प्रश्न सगळ्यात फसवे: कर्मणी आणि भावे प्रत्येकाला ‘पक्कं’ वाटतात आणि निम्मे चुकतात. पुढच्या आठवड्यात त्यांची जोडीची कार्डं करायची आहेत, वाशिम-गोंदियासारखी. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने आंब्याला खाल्ले’ ही जोडी पहिली.

आतापर्यंतचा खर्च ९०८ रुपये, दोन्ही पेपरांच्या झेरॉक्ससह. निंदण-डवरणी सुरू आहे, त्यामुळे बसण्याची वेळ सातपासून केली आहे. पत्रिका संपत आल्या. अजून ६० कार्डं लागतील.